बॅटरीघरातला नाडा

"गुरुजी, तुमी उंबऱ्याच्या बाहेरूनच म्हणा मंत्र. आत वीज हाये. अन् तुमच्या टोलीचे हात नेहमीच ओले राह्यते."

मालक हे बोलले आणि मंडपातले लोक हसले. मी उचललेले पाऊल खाली ठेवले. उंबऱ्याच्या अलीकडे.

त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती, गावाच्या नव्या बॅटरीघराचे लोकार्पण होते. मी पहाटे स्नान करून, धूतवस्त्र नेसून, उपरणे खांद्यावर घेऊन गेलो होतो. लोकांचे हसणे चालू असताना मी माझे हात पाहिले. आधी तळहात, मग पालथे करून. कोरडे होते.

मी मंत्र म्हटला. बाहेरून.

नंतर मी सोबत आणलेला नाडा काढला. तो मी स्वतः वळला होता. सूत, हळद, कुंकू. टोकांना जाळ्याची गाठ. ही गाठ मला वडिलांनी शिकवली. ती ओढली की अधिक घट्ट होते. नाड्यावर जप करून मी तो मालकांपुढे धरला. त्यांनी हात पुढे केला नाही. पुतण्याकडे, भास्करकडे, पाहिले. भास्करने ताट पुढे केले.

"ताटात ठेवा गुरुजी."

मी ताटात ठेवला. ताट आत गेले. मी बाहेर राहिलो.

मी जन्माने ढिवर. वडील वैनगंगेवर डोंगा चालवत, जाळे टाकत. मी मात्र संस्कृत शिकलो आणि निवृत्त होईपर्यंत शाळेत संस्कृत शिकवले. हे कसे घडले ते इथे सांगणे भाग आहे, कारण त्या उंबऱ्याशी त्याचा संबंध आहे. बालपणी गावात एक शास्त्रीबुवा होते. त्यांच्या घरी पाठ चाले. मला आत घेणे त्यांना शक्य नव्हते, किंवा शक्य नाही असे ते मानत. मी ओसरीखाली बसे. त्यांनी माझ्यासाठी खिडकी उघडी ठेवली. आतून पाठ चाले, खिडकीतून माझ्यापर्यंत येई. शब्दरूपे, धातुरूपे, स्तोत्रे, सगळे मी खिडकीतून घेतले. गुरू म्हणून आजही सकाळी मी त्यांचे स्मरण करतो. खिडकी उघडी ठेवली, हे त्यांचे उपकार मी आयुष्यभर मानले. त्याच घराला दारही होते, आणि ते बंद ठेवणारा हातही तोच होता, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. उंबऱ्याबाहेर मंत्र म्हणताना तो प्रथम आला. मंत्र चुकला नाही. विचारही गेला नाही.

आमचे मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेले. मालकांचा चौसोपी वाडा आणि आमची कुडाची घरे एकाच पाण्यात बुडाली. मालकांच्या पूर्वजांकडे त्या गावाची मालगुजारी होती. मालगुजारी केव्हाच गेली, गाव गेले, त्यांचे तळे गेले, तरी 'मालक' हा शब्द आमच्या जिभेवरून गेला नाही. पुनर्वसनात सर्वांना सारखेच भूखंड मिळाले. तरी कसे कोण जाणे, माळावरचे भूखंड त्यांच्याकडे गेले आणि उतारावरचे आमच्याकडे. वर वरची वस्ती. खाली ढिवरटोली.

नव्या गावात संध्याकाळी वीज जाई. मग एका योजनेतून सौर पाट्या आल्या आणि त्यांच्यासोबत गावाची सामायिक बॅटरी. कपाटाएवढी. तिच्यासाठी वरच्या वस्तीत, देवळाच्या आवारात, पक्की खोली बांधली. पाट्यांनी दिवसभर बॅटरी भरायची आणि बाहेरची लाइन गेली की बॅटरीने दोन्ही वस्त्यांना वीज पुरवायची.

योजनेच्या अभियंता बाई ग्रामसभेत आल्या होत्या. तरुण, सावळ्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी समजावले, "बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते, ती खराब होते. एका पातळीखाली गेली की एक वस्ती आपोआप बंद पडेल, म्हणजे उरलेली वीज दुसरीला पुरेल. कोणती वस्ती आधी बंद पडणार, हे या खटक्यावर ठरते. खटका एकीकडे फिरवला तर वरची, दुसरीकडे फिरवला तर खालची. हा खटका दर सोमवारी फिरवत राहा. अंधार पाळीने वाटून घ्या."

'अंधार वाटून घ्या' हे शब्द मला फार आवडले.

मग त्यांनी विचारले की चावी कोणाकडे राहील. मी उठलो. म्हणालो, आमच्यात एक रीत आहे. डोंगा काठाला लागला की मासळीचे वाटे लावतात. जो वाटे लावतो, तो आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी उचलतो. म्हणून तो वाटे सारखे लावतो. चावी ज्याच्याकडे, त्याच्यासाठी अशीच काही रीत असावी.

मालक खुर्चीत मागे रेलले.

"गुरुजी, हे बॅटरी हाये. टोपल्यातली मासोळी नोहे."

सभा हसली. अभियंता बाई हसल्या नाहीत, पण त्यांना पवनीची बस गाठायची होती. चावी मालकांकडे गेली. खटका फिरवण्याचे काम भास्करकडे. लोकार्पण झाल्यावर दारावर पाटीही लागली, 'ओल्या हातांनी आत प्रवेश नाही'. पाटीत खोटे काहीच नव्हते. ओल्या हातांनी विजेच्या खोलीत जाऊ नये, हे कोणीही सांगेल. फक्त टोलीतले कोणी दाराशी गेले की भास्कर हात पाहत नसे. माणूस पाही आणि पाटीकडे बोट करी.

पावसाळा आला. लाइन रोज जाऊ लागली.

माझी धाकटी बहीण कौसल्या विधवा आहे, माझ्या शेजारच्या घरात राहते. टोलीतल्या बायकांनी मिळून एक फ्रीजर घेतला, तो तिच्या ओसरीवर आहे. धरणातून संध्याकाळी येणारी मासळी त्यात राहते आणि सकाळी भंडाऱ्याच्या बाजारात जाते. रात्रभर थंडावा टिकला तर मासळी. नाही टिकला तर खड्डा. टोलीतल्या बहुतेक चुली त्या एका पेटीवर चालतात, हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही.

श्रावणात एकदा दिवेलागणीला लाइन गेली. बॅटरीवर दिवे आले. आरती आटोपते न आटोपते तोच टोली बंद. वर माळावर दिवे तसेच. देवळाच्या भोंग्यावर भजन चालू. मी मनाशी म्हटले, या आठवड्यात अंधाराची पाळी आपली असेल. पुढच्या आठवड्यातही टोलीच बंद पडली. त्यापुढच्याही.

मी भास्करला गाठले.

"भास्कर, या हप्त्यात पाळी कोणाची?"

"तुमचीच हाये ना गुरुजी."

"मागच्या हप्त्यातही आमचीच होती."

"हो का? मंग मांगच्या हप्त्यात लाइन कमी गेली होती. तो हप्ता धरला नाही आमी."

"त्याआधीच्या?"

"तुमचा फ्रीजर लय वीज खाते गुरुजी. त्यानं होते तसं. खटक्याचं काही नाही."

तीन प्रश्न, तीन उत्तरे, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. न्यायशास्त्र मी थोडेसेच वाचले आहे, पण त्यात संशयाला मान आहे हे मला माहीत आहे. जिथे संशय नाही, तिथे निर्णय करण्याचे प्रयोजनच उरत नाही. आमच्या घरी संशय घेणे पाप समजत. त्या संध्याकाळपासून मी ते पाप समजणे सोडले. मी पाहू लागलो. कोण चावी घेते. कोण सोमवारी आत जाते. सोमवारी भास्कर जाई, दार उघडी, उदबत्ती लावी, दार लावी. आत काय करतो ते दिसत नसे. विचारले की म्हणे, "फिरवला गुरुजी."

भाद्रपदात कौसल्याची मासळी गेली. सकाळी फ्रीजर उघडला आणि वास आला. बायकांनी टोपली उचलून मागच्या खड्ड्यात रिकामी केली. कोणी रडले नाही. कौसल्या राख टाकत होती. मला पाहून थांबली.

"दादा, तुह्याच मंतराची बॅटरी हाये ना ते?"

तिने खड्ड्यात आणखी राख टाकली.

"मंग आमच्यावरच काहून कोपते?"

बाकीच्या बायका हसल्या. ते हसणे मंडपातल्या हसण्यासारखे नव्हते. तरी ते मला अधिक लागले. तिने राखेचे हात पदराला पुसले आणि म्हणाली, "आणखी एक डाव असं झालं तं बाया फ्रीजर इकतीन. मंग व्यापारी काठावरच भाव पाडून नेईन सगळं. तू वर जातेस ना? तुले तं मान देते ते लोकं. पाहून ये काय होऊन राहिलं आत."

मान. तो शब्द घेऊन मी घरी आलो.

दसऱ्याला बॅटरीघरात शस्त्रपूजा ठरली. यंत्र हेच आजचे शस्त्र, असे मालकांनी जाहीर केले. मला निरोप आला. 'गुरुजींनी मंत्रांना यावे.' मी गेलो. कौसल्या आणि टोलीतल्या काही बायका मागोमाग आल्या, प्रसादासाठी म्हणून. त्या आवाराच्या कडेला उभ्या राहिल्या. मी माझ्या नेहमीच्या जागी उभा राहिलो. उंबऱ्याबाहेर.

पण या वेळी दार पूर्ण उघडे होते. पूजेला उजेड हवा होता.

मी मंत्र सुरू केला आणि आत पाहू लागलो. मालक सोवळ्यात. एका हातात कलश, दुसऱ्यात आंब्याची पाने. ते पाने कलशात बुडवत आणि बॅटरीच्या कपाटावर पाणी शिंपडत. त्यांच्या बोटांवरून थेंब गळत होते. मनगटापर्यंत हात ओला. आणि दारावर, माझ्या डोक्याशी, ती पाटी.

माझा आवाज चालूच राहिला. सवय. खिडकीखाली बसून लागलेली सवय.

भास्कर फडक्याने भिंतीवरची धूळ पुसत होता. तो खटक्यापाशी पोहोचला तशी मालक त्याच्यावर ओरडले, "तो नाडा राहू दे! मंत्रवलेला हाये."

मी पाहिले. खटक्याला नाडा बांधलेला होता. रंग उतरलेला, पण टोकाला जाळ्याची गाठ. माझी गाठ. अक्षय्य तृतीयेला त्यांनी खटका नाड्याने भिंतीवरच्या पत्र्याच्या कडीला बांधून वरून कुंकवाचा ओला पट्टा ओढला होता. पट्टा भिंतीवरच्या पत्र्यापासून निघून नाड्यावरून थेट खटक्यावर गेला होता. वाळून घट्ट झालेला. कुठेही तुटलेला नाही. खटका एकदा जरी फिरला असता, तर तो पट्टा जागचा सरकला असता.

मी मंत्र थांबवला.

माझ्या आयुष्यात मी कोणतीही पूजा अर्धी सोडलेली नाही. तापात सोडली नाही. पत्नी गेली त्या वर्षी सोडली नाही. आवारातले लोक माझ्याकडे वळले.

"मालक," मी विचारले, "हा नाडा तोच आहे?"

त्यांचा चेहरा फुलला. त्यांना वाटले, मी कौतुक करतो आहे.

"तोच तं हाये गुरुजी! तुमचाच. अक्षय्य तृतीयेपासून कोणाले हात नाही लावू देल्ला मी. भास्करलेबी नाही. पाहा, गाठसुद्धा हालली नाही."

"मग पाळी कशी फिरली?"

 भास्कर हातातल्या फडक्याकडे पाहू लागला. मालकांना आपण काय बोलून बसलो ते कळायला थोडा वेळ लागला. ते कळले तेव्हाही ते खजील झाले नाहीत. हे मी मुद्दाम नोंदवतो. ते रागावले.

"मंत्रवलेला नाडा तोडाचं पाप कोण घेईन गुरुजी? तुमीच सांगा. शास्त्र तुमाले माहीत."

मी नाड्याकडे पाहत होतो.

"अन् तुमच्या टोलीले अंधाराची सवय हाये. नदीवर राहत होते तवा कोठी होते लाइट? तवा मासोळ्या सडत नोहत्या का?"

मागून कौसल्याचा आवाज आला. "तवा आमची नदी होती मालक. तुमाले चाबी नाही मांगा लागत होती."

मी उंबरा ओलांडला.

भास्कर आडवा आला. "गुरुजी, पाटी हाये! ओले हात..."

मी दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. मग मालकांकडे वळलो.

"माझे हात कोरडे आहेत. पाणी तुमच्या हातून गळते आहे."

नाडा ओढला. तुटेना. जाळ्याची गाठ ओढली की घट्ट होते, हे मीच वर लिहिले आहे. ती सोडवायची असेल तर आधी सैल द्यावी लागते. मी नाडा खटक्याकडे लोटला, गाठीत नख घातले, आणि ती सुटली. वडिलांनी शिकवलेले इतक्या वर्षांनी बोटांना आठवले. कुंकवाचे पापुद्रे पडले. मी खटका फिरवला. लहानसा आवाज झाला.

जो मंत्र मी टोलीच्या कल्याणासाठी म्हटला, तो तिच्याच अंधाराला राखणदार म्हणून बसवला गेला होता. जिथे कुलूप चालले नसते तिथे माझी भक्ती चालली. कुलूप तोडणारा निघाला असता. नाडा तोडणारा गावात कोणी नव्हता, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मालक मुद्दाम असे वागले, की खरोखर श्रद्धेने, हे मला सांगता येणार नाही. मला संशय आहे. हा संशय मी सोडणार नाही. कारण त्यांची श्रद्धा खरी असली तरी तिने नेहमी त्यांचेच दिवे राखले.

त्या संध्याकाळी लाइन गेली आणि वरची वस्ती आधी बंद पडली. टोलीत कोणी जल्लोष केला नाही. बायका फ्रीजरच्या हिरव्या दिव्याकडे पाहत बसल्या.

दुसऱ्या सकाळी बॅटरीघर धुतले. बादलीभर पाणी, त्यात गोमूत्र. उंबऱ्यापासून आतपर्यंत. मी शिरलो म्हणून. विजेची खोली पाण्याने धुतली, आणि ती पाटी तिथेच होती. मग दाराला दुसरे कुलूप लागले. त्या संध्याकाळपासून टोली पुन्हा आधी बंद पडू लागली.

काही दिवसांनी भास्कर माझ्या अंगणात आला. बसला नाही.

"मालक म्हणते, झालं ते झालं. गुरुजीचं येगळं हाये. एवढं शिकलेले, शुद्ध माणूस. त्याइनं आत यायले हरकत नाही. एक चाबी गुरुजीपाशी ठेवा म्हणते."

"आणि टोली?"

"टोलीले नका आणू म्हणते. गर्दी होते. अन् नवा नाडा देजा म्हणते दिवाळीले."

कौसल्या तिच्या ओसरीवरून ऐकत होती. मी काय करतो ते पाहत राहिली.

शास्त्रीबुवांची खिडकी मला दिसली. तीच खिडकी, आता मोठी केलेली. एका माणसापुरती.

मी भास्करला म्हणालो, "मालकांना सांग. चावी नको. नाडाही मिळणार नाही."

"पाहा बरं गुरुजी. असा मान पुन्हा नाही भेटत."

"हेही सांग, एक शब्दही न बदलता. गुरुजींचे वेगळे नाही."

तो गेला. कौसल्याने फ्रीजरचे झाकण उघडले, आत हात घालून पाहिले, आणि बंद केले. मासळी अजून टिकून होती. किती दिवस, ते सांगता येत नाही.

सोमवारी ग्रामसभा आहे. अभियंता बाईंना मी फोन केला आहे. त्या येते म्हणाल्या आहेत. त्या आल्या नाहीत तरी मी बोलणार आहे. मागच्या वेळी मी रीत सुचवली होती, विनंतीच्या स्वरात. या वेळी सुचवणार नाही. चावी वर राहणार असेल तर अंधारही आधी वर. चावी खाली आली तर आधी खाली, आणि आम्ही तो तक्रार न करता घेऊ. वाटे लावणारा शेवटी उचलेल. हे मान्य नसेल तर त्या खोलीत ना पूजा होऊ देईन, ना कुलूप राहू देईन.

मग आम्ही बॅटरीघराकडे जाऊ. मी एकटा नाही. कौसल्या येईल, फ्रीजरच्या बाया येतील, जाळ्यावरून थेट आलेले पुरुष येतील. त्यांचे हात ओले असतील. विजेचा नियम खरा आहे, तो आम्ही पाळू. दाराशी हात पुसूनच आत जाऊ. त्यासाठी पाटीखाली एक फडके टांगायचे आहे. एकच. कौसल्या त्याला हात पुसेल, भास्कर पुसेल, मालकही त्यालाच पुसतील, आणि मगच आत जातील.

फडके माझे जुने उपरणे फाडून केले आहे. खिळा टोलीतून आणला आहे. हातोडी घराच्या दाराशी ठेवली आहे.